उचल घ्यायच्या आधी

(हदगाव येथे सप्टेंबर 2025 मध्ये झालेल्या संघाच्या वार्षिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या गटांच्या महिलांना सभेला येता आलं नाही, त्यांनी मासिक बैठकीत तो वाचून घ्यावा.)



मला आज बोलायला विषय दिलाय स्थलांतर. मागच्या महिन्यात मी तामसा आणि निवघ्याकडच्या गटांत फिरत होते. प्रत्येक बैठकीत चार-पाच चेहरे पडलेले दिसायचे. ऑगस्टच्या अतिवृष्टीनं सोयाबीन पाण्यात गेलं. मुखेड तालुक्यात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडं जीव वाचले, पण पीक गेलं. आणि पीक गेलं की मुकादम लवकर येतो. दरवर्षी पोळा झाल्यावर हळूहळू बोलणी सुरू होतात, यंदा पोळ्याच्या आधीच मोटारसायकली फिरायला लागल्या. एका गटात तर बैठक चालू असतानाच एका ताईंना नवऱ्याचा फोन आला, "पैसे घेऊ का? माणूस दारात बसलाय." ताई माझ्याकडं बघायला लागल्या. मला उत्तर देता आलं नाही. तेच उत्तर आज द्यायचा प्रयत्न करते.

आधी एक सांगून टाकते. जाऊ नका असं सांगायला मी उभी नाही. एमएसडब्ल्यू करताना आम्हाला पुस्तकात स्थलांतर म्हणजे समस्या असं शिकवलं. पण माझ्या घरात ती समस्या नव्हती, पोट भरायची सोय होती. माझे आई-वडील सहा हंगाम उसाला गेले. घरावरचे पत्रे त्याच पैशाचे आहेत. मी आजीजवळ राहिले म्हणून माझी शाळा टिकली. माझी मोठी बहीण सोबत गेली, कारण धाकटा भाऊ दीड वर्षाचा होता आणि आई फडात गेल्यावर त्याला कोपीवर सांभाळायला कुणीतरी पाहिजे होतं. पहिल्या वर्षी ती एप्रिलमध्ये परत आली तेव्हा परीक्षा होत आली होती. दुसऱ्या वर्षी ती शाळेत गेलीच नाही. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं पुढच्याच हंगामाला नवीन कोयता म्हणून उचल घेतली. एका घरातल्या दोघी बहिणी आम्ही. एक माईकसमोर उभी आहे, दुसरी यंदा परत टोळीत जाणार आहे. हुशारीचा प्रश्न नव्हता, ती माझ्यापेक्षा हुशार होती. आजीला एकच नात सांभाळता येत होती, एवढंच.

आता हिशेब करू. समोर बसलेल्यांपैकी किती जणींना टनाचा दर माहीत आहे? हात वर करा. बघा, नऊ-दहाच हात आहेत. आणि उसाला जाऊन आलेल्या निम्म्याच्या वर आहात.

जानेवारी 2024 मध्ये पुण्याला साखर संघ आणि कामगार संघटनांची बैठक झाली. तोडणीचा दर टनाला 273 रुपयांवरून 366 रुपये ठरला, म्हणजे 34 टक्के वाढ झाली. मुकादमाचं कमिशन 20 टक्के झालं, ते कारखान्यानं वेगळं द्यायचं असतं. हा करार तीन वर्षांचा आहे, म्हणजे यंदाच्या हंगामालाही हाच दर. बरं, एक जोडी दिवसाला किती टन तोडते? चांगला ऊस असेल, दोघं धडधाकट असतील तर दोन टन. दोन टनाचे झाले 732 रुपये. दोघांत वाटले तर माणशी 366. पहाटे चारला उठून, थंडीत, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरेपर्यंत. रात्री गाडी आली तर रात्रीसुद्धा भरायची. यंदा रोजगार हमीचा दर 312 रुपये आहे. म्हणजे घरदार सोडून, बारा-चौदा तास राबून माणशी जास्तीचे 54 रुपये. आता तुम्ही म्हणाल, ताई, हमीचं काम मिळतं कुठं? बरोबर आहे. काम मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागितलं तरी वेळेवर मिळत नाही. त्यासाठी नमुना चारचा अर्ज भरून पोच घ्यायची असते. पण ते वेगळं भाषण होईल.

पुढचा हिशेब वहीत लिहून घ्या. एका कोयत्याला एक लाख उचल घेतली असं धरू. 366 नं भागलं तर 273 टन ऊस तोडायचा. रोज दोन टन म्हटलं तर 137 दिवस. 15 नोव्हेंबरपासून मोजले तर 31 मार्चपर्यंत. एक दिवस आजारी पडायचं नाही, पाळीचा त्रास झाला तरी बसायचं नाही, कारखाना बंद राहायचा नाही, पाऊस यायचा नाही. तेव्हा कुठं उचल फिटणार. आठवड्याला बाजारासाठी घेतलेली खर्ची वरून चढते ती वेगळीच. वाढे विकून थोडं भागतं, पण थोडंच. आणि हंगाम आता 137 दिवस चालतोच असं नाही. 2024-25 ला ऊस कमी होता, बरेच कारखाने फेब्रुवारी-मार्चमध्येच बंद पडले. लोक परत आले, उचल अंगावर राहिली. जी अंगावर राहिली ती यंदाच्या उचलीत मिळवली जाते, आणि त्या घरापुढं यंदा जायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही.

मुकादम सांगतो, "उचलीला व्याज नाही." खरं आहे, कागदावर व्याज नाही. पण ज्याच्या अंगावर उचल आहे त्याला दर विचारता येत नाही. वजनाची पावती मागता येत नाही. एक दिवस घरी बसलं तर खाडा कापला जातो. बीड जिल्ह्यात बायकांनी गर्भपिशव्या काढून टाकल्या, त्यावर 2019 मध्ये सरकारनं समिती नेमली. 82 हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात 13 हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्यामागं कारणं बरीच होती, पण खाडा हे त्यातलं एक होतं. व्याज असं पण घेतलं जातं.

दुसरी गोष्ट यंत्राची.

आपल्या गावातले शेतकरी म्हणतात, मजूर मिळत नाही. आणि आपण म्हणतो, काम मिळत नाही. दोघंही खोटं बोलत नाहीत. ऑक्टोबरात सोयाबीन काढायला आलं की मजूर एकदम लागतात आणि त्याच वेळी टोळ्या निघायच्या तयारीत असतात. मग पंजाबचं हार्वेस्टर येतं आणि पंचवीस बायकांचं काम दुपारपर्यंत आटपून पुढच्या शेतात जातं. पुढच्या वर्षी मजूर गावात असले तरी शेतकरी हार्वेस्टरच बोलावतो. एकदा सवय लागली की लागली.

उसातही तेच आलंय. तोडणीला माणसं कमी पडायला लागली म्हणून 2023 मध्ये राज्य सरकारनं 900 ऊसतोडणी यंत्रांना अनुदान जाहीर केलं, किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख, यातलं जे कमी असेल ते. यंत्राला दोन सरींत जास्त अंतर लागतं, म्हणून तिकडचे शेतकरी आता साडेचार-पाच फुटांवर लागण करतात. म्हणजे यंत्रासाठी शेतच बदलायला लागलं. लहान वावर, वाकडेतिकडे बांध, पडलेला ऊस, तिथं अजून कोयताच लागतो. त्यामुळं उद्या सगळं बंद होईल असं मी म्हणत नाही. पण सरळ, चांगला, जास्त टन निघणारा ऊस यंत्राला जाणार आणि अवघड ऊस आपल्याला राहणार. मग दोन टन निघतील का दिवसाला?

यावर मला कॉलेजात वाचलेली अमेरिकेची एक गोष्ट आठवते. तिथं 1942 पासून मेक्सिको देशातून शेतमजूर आणायचे, हंगामापुरते, करारावर, आपल्या टोळ्यांसारखेच. 1964 च्या अखेरीस सरकारनं ते बंद केलं. बाहेरचे मजूर थांबले की इथल्यांची मजुरी वाढेल, असा विचार होता. पुढं अभ्यासकांनी जुने आकडे तपासले तर मजुरी काही वाढली नव्हती. शेतकऱ्यांनी यंत्रं आणली. कॅलिफोर्नियात टोमॅटो तोडायचं यंत्र आलं आणि त्याला चालेल अशी टोमॅटोची जातच तयार केली, जाड सालीची, सगळी एकदम पिकणारी. जिथं यंत्र चालत नव्हतं तिथं काही पिकंच कमी केली.

हे का सांगते? कारण आपल्याकडं पण हाच राग आहे. मागच्या दिवाळीत एका गावात कापूस वेचायला मध्य प्रदेशातली माणसं आणली, तर आपल्या बायका म्हणाल्या, "हे आले म्हणून आमचा किलोचा भाव पडला." मी त्या माणसांशी बोलले. त्यांच्याही अंगावर उचल होती. त्यांनाही भाव विचारायची मुभा नव्हती. आपण सांगली-कोल्हापुरात, कर्नाटकात जातो तेव्हा तिथल्या बायका आपल्याबद्दल काय म्हणत असतील? 2020 च्या मे महिन्यात, लॉकडाऊनमध्ये, करमाडजवळ रेल्वे रुळावर 16 मजूर चिरडले गेले. ते जालन्याच्या स्टील कारखान्यात कामाला होते आणि पायी मध्य प्रदेशाकडं निघाले होते. टीव्हीवर रुळावर पडलेल्या भाकऱ्या दाखवल्या. माझ्या आईनं टीव्ही बंद करायला लावला. भाव पडतो तो माणूस आला म्हणून कमी आणि त्याला बोलता येत नाही म्हणून जास्त, असं मला वाटतं. कुणाचं मत वेगळं असेल तर चहाच्या वेळी भांडू.

तर मग करायचं काय? ज्यांचं जायचं ठरलंय त्यांच्यासाठी आणि गटांसाठी बोलते.

पहिलं लेकरांचं, कारण त्याला मुदत आहे. गावातून मुलं जाणार असतील तर शाळेत हंगामी वसतिगृह मागता येतं. मूल आजी-आजोबाजवळ, नाहीतर नातेवाईकाजवळ गावातच राहतं आणि जेवणाची सोय होते. त्याचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीकडून जातो. समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तुमच्यातल्या कितीतरी जणी नावाला तिथं आहेत, सही करून येता. यंदा सही करायच्या आधी विचारा, यादी केली का? दसऱ्यानंतर यादी करून उपयोग नाही, तोपर्यंत गाड्या निघालेल्या असतात. ज्यांच्या घरी आजीच नाही, त्यांच्यासाठी ऊसतोड कामगारांच्या मुलांची संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत, मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. आणि मूल सोबत न्यावंच लागलं तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या. तिकडच्या शाळेनं दाखल्यासाठी अडवायचं नाही, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय.

"लेकरू कुणापाशी ठिवू माय, म्हातारी सोताच अंथरुणावर हाय," असं मला एका काकूंनी सांगितलं. त्यांना मी वसतिगृहाचं सांगितलं तर म्हणाल्या, "पोरगी हाय, कुणाच्या भरोशावर ठिवू?" त्या चुकल्या असं मी म्हणणार नाही. पण त्याच गटातल्या अध्यक्ष अक्का उठल्या आणि म्हणाल्या, "पाच महिने माझ्या पोरीसंगं झोपंल." मी तेव्हा कार्यकर्ती म्हणून तिथं होते आणि रडायला आलं होतं. असं अजून दोन-तीन गटांत झालं तर सरकारच्या पत्राची वाट बघावी लागणार नाही.

दुसरं, उचल कमी करा. पूर्ण बंद होणार नाही, मला माहीत आहे. पण उचल कशाकशासाठी घेतो ते लिहून काढा. दवाखाना, सणाचा किराणा, रब्बीचं बी, जुनं देणं. यातलं वीस-पंचवीस हजाराचं गटातून भागत असेल तर गटातून घ्या. बँकेचं गटाला मिळणारं तीन लाखांपर्यंतचं कर्ज 7 टक्के वर्षाचं आहे. पंचवीस हजार उचल कमी म्हणजे 68 टन ऊस कमी, म्हणजे 34 दिवस. मार्च अखेरच्या जागी फेब्रुवारी संपता संपता तुम्ही मोकळ्या. गटांना माझी विनंती, ऊसतोडीला जाणाऱ्या सभासदाला "ती पाच महिने नसते, हप्ता कोण भरणार" म्हणून कर्ज नाकारू नका. हप्ता फोनवरून येतो आता. नाकारलं की ती मुकादमाकडं जाते, दुसरीकडं कुठं जाणार?

तिसरं कागदाचं. ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र घ्या, आणि नवऱ्याचं एकट्याचं नको, बाईचं स्वतःच्या नावाचं वेगळं पाहिजे. गोपीनाथ मुंडे महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घ्यायचं ठरलंय, ते पैसे तुमच्या तोडलेल्या उसाचे आहेत, पण यादीत नाव नसेल तर लाभ कुणाला द्यायचा? रेशन आता कुठल्याही राज्यात, कुठल्याही दुकानात अंगठ्यावर मिळतं. घरी म्हातारी माणसं त्यांच्या वाट्याचं इथं उचलू शकतात, तुम्ही तुमच्या वाट्याचं तिकडं. आणि रोज वजनाच्या पावतीचा मोबाईलवर फोटो. मुलगी शिकलेली असेल तर तिला पाठवा गावाकडं, ती वहीत टन मांडत जाईल. मागच्या वर्षी आपल्या एका सभासद ताईंनी असं केलं आणि हिशेबाच्या दिवशी वही पुढं ठेवली. मुकादम पहिल्यांदा हसला, मग बसला, मग 11 टन वाढवून दिले.

ओळखपत्राचे आणि वसतिगृहाच्या यादीचे कोरे नमुने मी आणलेत, त्या दाराजवळच्या टेबलावर आहेत. ज्या गटातून कुणी जाणार आहे त्या गटाच्या सचिवांनी जेवणाआधी माझ्याकडं नावं द्यावीत, लेकरांच्या वयासकट. आणि माझ्या बहिणीच्या गावचा गट इथं आलाय, त्यांनी तिचंही नाव घाला. तिला एक मुलगी आहे, दुसरीत आहे.