ढगाखालची बाजरी
(चकलांबा इथं केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी मुंबईच्या गोदीत माल चढवतो-उतरवतो. शिक्षण मॅट्रिक. कविता करतो, पण आज कविता म्हणायला आलेलो नाही. आज नकाशावर बोलायचंय.

गोदीत प्रत्येक कंटेनरला नंबर असतो. चार अक्षरं, सात आकडे. डबा कुठून निघाला, कुठल्या बंदरात थांबला, कितव्या थरावर चढवला, सगळं साहेबाच्या पडद्यावर दिसतं. आत काय? तर प्लॅस्टिकच्या बाहुल्या. बाहुल्यांचा ठावठिकाणा जगाला ठाऊक. आणि माझ्या आजीनं दगड वेचून फोडलेलं, मायनं पेरलेलं गायरानाचं रान? त्याच्या सातबाऱ्यावर लिहिलंय सरकार, गायरान. माणसाचं नाव नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम गेला, पण चावडीतल्या चोपडीत आपण शिरलो नाही.

शिरायला वाट नव्हती असं नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, लोकांनी तुरुंग भरले. पुढं २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात दलित, आदिवासी, भूमिहीनानं कसायला घेतलेली सरकारी जमीन त्याच्या नावावर करायची. पण पुरावा आण म्हणाले. पुरावा म्हणजे गाव नमुना एक-ई मधली अतिक्रमणाची नोंद, नाहीतर दंडाची पावती. म्हणजे ज्याला सरकारनं चोर म्हणून लिहून ठेवलं तोच उद्या मालक! आणि ज्याची नोंद तलाठ्यानं केलीच नाही, ज्याची पावती गळक्या पत्र्याखाली भिजून गेली, तो धड चोरही नाही.

मग २०२२ च्या ऑक्टोबरात मुंबई हायकोर्टानं गायरानावरची अतिक्रमणं वर्षाखेर काढायचा आदेश दिला. गावोगाव नोटिसा निघाल्या. सुप्रीम कोर्टाच्या २८ जानेवारी २०११ च्या ज्या निकालाचा हवाला सगळे देतात, त्यातच भूमिहीन मजुराला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सरकारी आदेशानं पट्टा दिला असेल तर तो अपवाद धरलाय. ते वाक्य नोटीस घेऊन येणारा वाचून दाखवत नाही. आणि २०२३ पासून सौर कृषी वाहिनीच्या दुसऱ्या टप्प्यात गायरानं वीज प्रकल्पांना दिली जाताहेत. दिवसा वीज मिळावी, माझं काही म्हणणं नाही. पण जागा निवडणारा पडद्यावर बघतो, रान मोकळं दिसतं, तो बोट ठेवतो.

ते मोकळं का दिसतं, हे नीट ऐका.

साधा उपग्रह ढगातून बघू शकत नाही. आपली बाजरी कोरडवाहू. ती जूनपासून सप्टेंबरपर्यंत उभी, नेमकी ढगाखाली. आभाळ निवळतं तेव्हा बाजरी कापून झालेली. दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला कोयता गाडीत बसतो आणि कारखान्यावर जातो. तेव्हा वरून फोटो चांगला निघतो. फोटोत काय? काळी-तांबडी माती. पडीक! माणूस उसात, पीक पोटात, आणि फोटो म्हणतो इथं कुणी नव्हतं.

१९९० च्या आधीचं दाखवा म्हणाल तर अमेरिकेनं १९८४ साली सोडलेल्या लँडसॅट-५ ची चित्रं आहेत, २००८ पासून फुकट मिळतात. पण त्यातला एक ठिपका म्हणजे तीस मीटर बाय तीस मीटर. एका एकरात साडेचार ठिपके. साडेचार ठिपक्यांत आजीचं आयुष्य बसवा! ढगातून बघणारं रडारही आहे, पण त्याची फुकट मिळणारी नियमित चित्रं २०१४ नंतरची. म्हणून वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२ साली लिहिलं गेलं की उपग्रहाचं चित्र बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून, त्याच्या जागी नाही. तो कायदा जंगलजमिनीचा, गायरानाला लागत नाही. पण ते वाक्य पाठ करा, साहेबासमोर उपयोगी पडेल.

तर मग आपला नकाशा आपण काढायचा. इक्वेडोर देशात वाओरानी नावाचे आदिवासी आहेत. सरकारच्या नकाशात त्यांचं जंगल म्हणजे तेलाचा ब्लॉक नंबर बावीस. त्यांनी फोन हातात घेऊन वाटा, ओढे, शिकारीच्या जागा, औषधाची झाडं टिपली. इंटरनेटशिवाय चालणारं मॅपिओ नावाचं ॲप वापरलं. आपल्याला विचारल्याशिवाय जंगल विकायला काढलं म्हणून कोर्टात गेले, आणि २६ एप्रिल २०१९ ला जिंकले. पाच लाख एकर वाचलं. नुसत्या नकाशानं नाही, गाव एक राहिलं म्हणून. पण नकाशानं ब्लॉक बावीसमध्ये माणसं दाखवली.

साध्या फोनचं जीपीएस उघड्या रानात तीन ते पाच मीटर चुकतं. मोजणी खात्याच्या यंत्रापुढं ते कच्चं. पण कोण कुठं कसतो हे सांगायला पुरे. बांधाबांधानं चालायचं, पीक उभं असताना. जोडीला म्हाताऱ्यांची साक्ष, पंचनामा, असेल ती पावती.

आणि निव्वळ आपलीच वावरं टिपू नका. धनगराची मेंढरं कुठून जातात, पारध्याची पालं कुठं पडतात, आपली माणसं कुठं पुरलीत, सरपण कुठलं, पाणी कुठं साचतं. हे बायांना जास्त ठाऊक, फोन त्यांच्या हातात द्या. मग बसून ठरवा: पेरायचं किती, चराईला किती, मसणवटीला किती. नाहीतर आपण आणि धनगर भांडत बसू, आणि बागायतदारानं गायरानात सरकवलेला बांध तसाच राहील. तो बांधही टिपा.

एक धोका आहे. अतिक्रमणाचा नकाशा म्हणजे कुणाला हाकलायचं त्याची तयार यादी. म्हणून कुणी संस्थावाला गोड बोलून फाईल मागेल तर द्यायची नाही. १९९० नंतर आलेल्यांचे तुकडे वेगळ्या प्रतीत ठेवा, ती प्रत वस्तीतच राहील. कार्यालयात काय जाईल ते सगळ्यांसमोर ठरेल.

पोरांनो, तुमच्यातले निम्मे पुण्या-मुंबईत. बाजरी पोटरीत येईल तेव्हा, ऑगस्टात, मी आठ दिवसांचा खाडा करून येतोय. फोन तीन आहेत, आणखी दोन लागतील. एक जण असा हवा ज्याला गावातल्या म्हाताऱ्या दारात उभं करतील.