गुडघाभर चिखल, पाचशे वर्षं

आज इंग्लंडमध्ये, पीक डिस्ट्रिक्टच्या ब्लीकलो माळावर. खाली डर्वेंटचं खोरं आणि एकापाठोपाठ तीन धरणं : हाउडन, डर्वेंट, लेडीबाउअर.

उंची फक्त 633 मीटर. आकड्यावर जाऊ नका, चालता चालता अख्खा दिवस जातो. झाड नाही, सावली नाही, पायाखाली पीट. पीट म्हणजे पाण्यात अर्धवट कुजलेलं शेवाळ. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर साचतं. म्हणजे गुडघाभर रुतलात, तर पाचशे वर्षं खाली गेलात!

हे ओलं असेपर्यंत पाणी आणि कार्बन धरून ठेवतं. पण मँचेस्टर-शेफील्डच्या कारखान्यांच्या धुरानं वरचं शेवाळ मेलं. उघडं पडलेलं पीट पावसात वाहतं, खोल घळी पडतात, गाळ खाली धरणात जातो. सुकलं तर पेटतंसुद्धा. 2003 मध्ये सुरू झालेल्या ‘मूर्स फॉर द फ्युचर’ उपक्रमात घळींत बांध घालतात, शेवाळ लावतात.

गंमत बघा, इथल्या ‘पेनाइन वे’ पायवाटेवर काही ठिकाणी फरश्या टाकल्यात, त्या पाडलेल्या जुन्या गिरण्यांमधल्या. धूर गिरण्यांचा, फरशीही गिरणीचीच! तेव्हा गेलात कधी, तर बूट फरशीवरच ठेवा. आणि काडी पेटवू नका. भेटू पुढच्या भागात!