रूप पालटणारा विषाणू आणि रोजची एक गोळी
(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेले भाषण)



एच.आय.व्ही. बाधितांचे समुपदेशन व प्रवासभाडे यांसाठी राखलेल्या निधीविषयी आपल्यापैकी काहींनी पृच्छा केली आहे. औषधे शासन विनामूल्य देते. मग हा खर्च कशासाठी? याचे उत्तर त्या विषाणूच्या स्वभावातच आहे.

रोगजंतू शरीरात शिरला की रोगप्रतिकार यंत्रणा त्याची बाह्य खूण ओळखते आणि त्या खुणेवरून प्रतिपिंडे घडवते. गोवरासारख्या रोगात ही खूण फारशी बदलत नाही, म्हणून एकदा आलेली प्रतिकारशक्ती बहुधा जन्मभर पुरते. एच.आय.व्ही.चे तसे नाही. त्याची जनुकीय संहिता नऊ हजारांहून अधिक अक्षरांची. आमच्या हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर तिची नक्कल करणारा कारकून घाईचा आहे आणि त्याच्यावर लेखापरीक्षक नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या शरीरात दिवसाकाठी अब्जावधी नवे विषाणू निर्माण होतात आणि नकलांमध्ये चुका होत राहतात. बहुतेक चुका विषाणूलाच घातक ठरतात. परंतु एखादीने त्याची खूण पालटते. प्रतिपिंडे नव्या खुणेपर्यंत पोहोचतात, तोवर ती पुन्हा बदललेली असते. शिवाय त्याच्या आवरणावर शरीराच्याच शर्करेचे दाट कवच असते आणि त्याचा हल्ला होतो तो संरक्षणाचे नेतृत्व करणाऱ्या सी.डी. ४ पेशींवरच. काही विषाणू तर पेशींत वर्षानुवर्षे सुप्त राहतात.

यामुळेच लस अद्याप हाती आलेली नाही. भारतात मुख्यत्वे आढळणाऱ्या 'सी' उपप्रकारावर आधारित लसीची चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत २००५ मध्ये सुरू झाली. लस सुरक्षित ठरली, पण पुरेशी प्रभावी नव्हे. दक्षिण आफ्रिकेतील मोठी चाचणीही २०२० मध्ये थांबवावी लागली.

मग उपाय कोणता? वर्धा जिल्ह्याला तो अपरिचित नाही. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूर येथे कुष्ठसेवेस आरंभ केला. पुढे डॅप्सोन हे औषध आले; परंतु ते एकटेच दिल्याने जंतू त्याला दाद देईनासे झाले. तेव्हा अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत निघाली आणि १९८० च्या दशकारंभी ती स्वीकारणाऱ्या देशातील पहिल्या काही जिल्ह्यांत आपला वर्धा होता. एका औषधाला चुकवणारा जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो, हेच त्यातील तत्त्व. एच.आय.व्ही.वर तीन औषधांचा एकत्र उपचार १९९६ पासून रूढ झाला, तो याच तत्त्वावर.

भारतात हे उपचार १ एप्रिल २००४ पासून विनामूल्य मिळू लागले. त्या वेळच्या औषधांपैकी नेव्हिरापीन संहितेतील एका अक्षराच्या बदलानेही निष्प्रभ होऊ शके. आज तीन औषधे एकाच गोळीत मिळतात आणि त्यांतील डोल्युटेग्राविरला चकवणे विषाणूला बरेच अवघड जाते. तथापि अशक्य नव्हे. गोळ्या वारंवार चुकल्या की रक्तातील औषध उणावते, विषाणू पुन्हा वाढू लागतो आणि औषधाला न जुमानणारी नक्कल टिकून राहते. जो विषाणू वाढतच नाही, त्याला रूप पालटण्याची संधीही मिळत नाही.

गोळी चुकते ती बहुधा बेपर्वाईने नव्हे. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून येणे परवडत नाही, एस.टी.चे भाडे जवळ नसते, किंवा केंद्राच्या दारात कोणी ओळखीचे पाहील ही भीती असते. आपला निधी खर्च होतो तो नेमका या ठिकाणी.

आप्तजनांना आमची विनंती आहे की, रोजच्या गोळीची आठवण आपण प्रेमाने द्यावी. नियमित उपचारांनी विषाणूचे प्रमाण चाचणीत न आढळण्याइतके खाली राहिले, तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. एकत्र जेवण्याने, एका छताखाली राहण्याने तर तो कधीच होत नव्हता.

देणगीदारांनी या निधीस असाच आधार द्यावा, ही नम्र प्रार्थना.