सर्व्हरची नाडी
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले. तरीही आज सर्व्हरविषयी बोलावेसे वाटते, त्यास एक रात्र कारणीभूत आहे. 2023 च्या पावसाळ्यात प्रयोगशाळेचे अहवाल अतिदक्षता विभागाच्या संगणकावर येणे थांबले. सर्व्हर चालू होता, हिरवा दिवा लुकलुकत होता. मात्र त्याची डिस्क काठोकाठ भरली होती. हे आम्हांस प्रथम सांगितले ते अहवालाची वाट पाहणाऱ्या एका रुग्णाच्या मुलाने. कर्मचाऱ्यांनी अहवाल कागदावर लिहून पोहोचविले व सुदैवाने कोणासही अपाय झाला नाही. परंतु झालेली दिरंगाई आमची होती, हे येथे नमूद करणे मी कर्तव्य समजतो.

त्यानंतर आम्ही 'नागिओस कोअर' ही विनामूल्य प्रणाली एका जुन्या संगणकावर बसविली. परिचारिका ठरावीक वेळाने नाडी, ताप व रक्तदाब पाहते, तशी ही प्रणाली दर 5 मिनिटांनी प्रत्येक सर्व्हर तपासते. तो चालू आहे, एवढ्यावर तिचे समाधान होत नाही. डिस्कवर जागा किती उरली, मागितलेली नोंद खरोखर मिळते का, रात्रीचा बॅकअप पूर्ण झाला का, हेही ती पाहते. डिस्क 80 टक्के भरताच सूचना आणि 90 टक्क्यांस धोक्याचा इशारा मिळतो. सर्व्हरने एकदा उत्तर दिले नाही म्हणून धावाधाव होत नाही. लागोपाठ तीनदा उत्तर न आल्यासच संदेश जातो. कारण खोट्या इशाऱ्यांची सवय जडली की खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होते.

संदेश प्रथम पाळीवरील तंत्रज्ञास जातो. 15 मिनिटांत त्याची पोच न आल्यास तो माझ्या भ्रमणध्वनीवर येतो. लेखापरीक्षकाचेही परीक्षण व्हावे, या न्यायाने तपासणारा संगणक स्वतः चालू आहे की नाही, हे दुसरा संगणक पाहतो.

दात्यांना एक विनंती आहे. नव्या यंत्रावर आपल्या नावाची पाटी लावता येते. न घडलेल्या अडचणीवर ती लावता येत नाही. तरीही यंत्रांबरोबरच त्यांच्या देखभालीसाठीही आपल्या दानाचा काही अंश राखून ठेवावा. रुग्णाच्या मुलाने येऊन आम्हांस जागे करावे, अशी वेळ पुन्हा येऊ नये, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.