पुरस्कार शब्दाचा, कसोटी वाचकाची
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



वृक्ष लावणाऱ्याचा, वन राखणाऱ्याचा किंवा गाळाने बुजलेले तळे उपसणाऱ्याचा सत्कार झाला, तर त्याचे औचित्य सहज पटते. झाड आणि तळे डोळ्यांसमोर असतात. परंतु याच विषयावर उत्तम लिहिणाऱ्याला पुरस्कार मिळतो तेव्हा नेमका कशाचा गौरव होतो? शब्दांनी नदी निर्मळ होत नाही, की उजाड डोंगरावर गवत उगवत नाही. मग अशा पुरस्कारांचे प्रयोजन काय? ग्रंथांच्या संगतीत शंभर वर्षे काढलेल्या वास्तूत हा प्रश्न विचारणे अप्रस्तुत ठरू नये.

या संदर्भात अमेरिकेतील रेचल कार्सन यांचे उदाहरण उद्बोधक आहे. त्या सागरी जीवशास्त्राच्या अभ्यासक होत्या आणि मत्स्य व वन्यजीव विभागात प्रकाशनांचे संपादन करीत. त्यांच्या ‘द सी अराउंड अस’ या ग्रंथाला १९५२ साली नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. ग्रंथाच्या यशामुळे त्यांना त्याच वर्षी नोकरी सोडून पूर्णवेळ लेखन करता आले. पुरस्काराचा आणि लोकप्रियतेचा हा पहिला उपयोग : लेखकाला स्वातंत्र्य लाभते.

या स्वातंत्र्याचा त्यांनी केलेला विनियोग मात्र सुखावणारा नव्हता. १९६२ साली त्यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध झाले. डीडीटीसारखी कीटकनाशके कीटकांपुरती मर्यादित राहत नाहीत. ती माती, पाणी, मासे आणि पक्षी यांच्या साखळीतून पुढे सरकतात, हे त्यांनी सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत मांडले. सर्व कीटकनाशकांवर बंदी घाला, असे त्यांचे म्हणणे नव्हते. परिणाम न जाणता होणाऱ्या बेसुमार वापराला त्यांचा विरोध होता. रसायन-उद्योगाने त्यांच्यावर कठोर टीका केली. परंतु वाचक त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि १९६३ साली राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीनेही त्यांच्या प्रतिपादनाला मोठ्या प्रमाणावर दुजोरा दिला. १९६४ साली कार्सन कर्करोगाने निवर्तल्या. डीडीटीच्या बहुतेक वापरांवर तेथे बंदी आली ती १९७२ साली. देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना मिळाला तो १९८० साली, मरणोत्तर. सागराचे वैभव वर्णिले तेव्हा गौरव त्वरित झाला; विषाची गोष्ट सांगितली तेव्हा राष्ट्राच्या सन्मानाला अठरा वर्षे लागली. वाचक मात्र पहिल्याच वर्षी आले होते.

भारतात या लेखनाला संघटित रूप देणाऱ्यांत अनिल अगरवाल यांचे नाव अग्रभागी आहे. अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते पत्रकारितेत आले. १९८० साली त्यांनी दिल्लीत विज्ञान आणि पर्यावरण केंद्राची स्थापना केली आणि १९८२ साली देशाच्या पर्यावरणस्थितीचा पहिला नागरिक-अहवाल प्रकाशित झाला. जंगल, पाणी, जमीन यांच्या ऱ्हासाचा भार दरिद्री माणसावर, विशेषतः सरपण आणि पाण्यासाठी मैलोगणती चालणाऱ्या स्त्रीवर पडतो, हा विचार त्यांनी आग्रहाने मांडला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने १९८७ साली त्यांचा समावेश ‘ग्लोबल ५००’ या सन्माननामावलीत केला. २००० साली ते पद्मभूषण झाले.

हा अहवाल मुळात इंग्रजीत होता. ज्या स्त्रीची व्यथा त्यात होती, तिच्या गावापर्यंत तो पोहोचणार कसा? ही उणीव ओळखून त्याला हिंदी रूप देण्याचे काम गांधी शांती प्रतिष्ठानच्या अनुपम मिश्र यांनी केले. कवी भवानीप्रसाद मिश्र यांचे हे सुपुत्र १९४८ साली वर्ध्यास जन्मले. ग्वाल्हेर परिसरातील श्रोत्यांना त्यांची आणखी एक ओळख पटेल. १९७२ साली जयप्रकाशजींच्या प्रयत्नांतून चंबळच्या बागींनी शस्त्रे खाली ठेवली. त्या घटनेवर प्रभाष जोशी आणि श्रवण गर्ग यांच्यासह पुस्तक लिहिणारे तरुण अनुपम मिश्र हेच.

१९९३ साली त्यांचे ‘आज भी खरे हैं तालाब’ प्रसिद्ध झाले. तळी बांधणारे गजधर, पाणलोटाचे आगौर, बांधाची पाल, जादा पाणी वाहून नेणारा नेष्टा यांची ही कथा आहे. ‘पाल’ वाचताना मराठी वाचकाला आपली ‘पाळ’ आठवते आणि ‘नेष्टा’ म्हणजे आपला ‘सांडवा’ हे ध्यानात येते. या पुस्तकावर त्यांनी स्वामित्वहक्क राखला नाही. ज्याला हवे त्याने छापावे, अनुवादावे, वाटावे! अनेक भाषांत त्याचे अनुवाद झाले, ब्रेल लिपीतही ते गेले. आणि ते वाचून ठिकठिकाणी लोकांनी जुन्या तळ्यांची डागडुजी हाती घेतली. १९९६ साली मिश्र यांना केंद्र शासनाचा इंदिरा गांधी पर्यावरण पुरस्कार मिळाला. २०१६ साली ते गेले. पुस्तक अद्याप वाचले जात आहे.

मराठीपुरते पाहायचे तर मारुती चितमपल्ली यांचे स्मरण अपरिहार्य आहे. सोलापुरात १९३२ साली जन्मलेल्या या वनाधिकाऱ्याने तीन दशकांहून अधिक काळ महाराष्ट्राच्या अरण्यांत काढला. आदिवासी, पारधी, कोळी यांच्या तोंडची पशुपक्ष्यांची आणि वृक्षांची नावे त्यांनी आस्थेने टिपली आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. बगळ्यांच्या वीणवसाहतीला ‘सारंगागार’, कावळ्यांच्या वसतिस्थानाला ‘काकागार’ असे शब्द त्यांनी मराठीत रुजवले. २००६ साली सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले; २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्यांचे निधन झाले. ज्या पक्ष्याला आपल्या भाषेत नावच उरले नाही, तो नाहीसा झाला तरी कोणाला कळणार? नाव टिकले, तर त्याची उणीव निदान जाणवते.

या उदाहरणांतून प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर हाती येते. असे पुरस्कार विद्वत्तेपेक्षा एका पोहोचवण्याचा गौरव करतात : प्रयोगशाळेतले सत्य स्वयंपाकघरापर्यंत, अहवालातले सत्य पाणवठ्यापर्यंत, आणि रानातल्या माणसाचे ज्ञान शहरातल्या वाचकापर्यंत. ते पोहोचले की नाही, हे मात्र निवड समिती ठरवू शकत नाही. शाल-श्रीफळाचा समारंभ आटोपतो, वृत्तपत्रात छायाचित्र येते, आणि पुस्तक कपाटात जाते. पुढील दहा वर्षांत त्याच्या देवघेव-चिठ्ठीवर एकही तारीख पडली नाही, तर त्या पुरस्काराचा अर्थ काय?

येथे ग्रंथालयाचे दायित्व सुरू होते. महाराष्ट्रापासून दूर, हिंदी मुलखात मराठी जतन करणाऱ्या या संस्थेला मिश्रांचे हिंदी आणि चितमपल्लींचे मराठी, दोन्ही सारख्याच सहजतेने वाचणारा वाचक लाभला आहे. असे भाग्य पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांनाही विरळाच. या ग्रंथांचे सामूहिक वाचन व्हावे. या शहरातील जुन्या विहिरी, बावड्या आणि तळी यांची नावे, त्या कोणी बांधल्या, पाणी कोठून येई, याची नोंद ज्येष्ठ सभासदांकडून करून घ्यावी. ज्यांना हे ठाऊक आहे, त्यांची संख्या वर्षागणिक घटत आहे. एक साधी नोंदवही यासाठी पुरेशी आहे.

तिला कोणताही पुरस्कार मिळणार नाही. परंतु शंभर वर्षांनी द्विशताब्दीच्या वेळी एखाद्या वाचकाने ती वही उघडून बुजलेल्या बावडीची जागा शोधली, तर या पिढीने वाचले आणि लिहिले ते सार्थकी लागले, असे म्हणता येईल.