उन्हाळ्याची दुपार आणि घरचें कुलूप
(महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबसभेंत वाचलेलें भाषण)



महोत्सव-समितीनें आम्हां उभयतांस ‘लहान मुलांचा संसार आणि उन्हाळा’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हां आम्हांस प्रथम थोडें हसूंच आलें. उन्हाळ्यावर काय बोलावयाचें? तो येतो, भाजून काढतो आणि जातो. परंतु रात्रीं दोघें बसून जुने दिवस आठवूं लागलों, तों एक गोष्ट अशी वर आली कीं जी आम्हीं आजवर या धर्मग्रामांत कोणास सांगितली नाहीं. ती आज सांगावी असें ठरलें. भाषण दोघांचें आहे. वाचणारा एक आहे, एवढेंच.

आम्ही नगर जिल्ह्यांतून हडपसरास आलों तें इ. स. १९८३ सालीं. त्या वेळचें हडपसर आजच्या तरुण मंडळींस ओळखूं येणार नाहीं. एकीकडे औद्योगिक वसाहतींतील कारखाने आणि दुसरीकडे भाजीपाल्याचे मळे, यांच्या मधोमध सोलापूरचा रस्ता. मगरपट्ट्यांत आज जेथें काचेच्या इमारती उभ्या आहेत तेथें शेतें होतीं. तेथील शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनीं आपली सुमारें ४०० एकर जमीन एकत्र करून तें नगर स्वतःच वसविलें, ही इ. स. २००० नंतरची गोष्ट. हें सारें हिरवेपण कालव्याचें देणें होतें. खडकवासल्याच्या धरणांतून निघालेला मुठा उजवा कालवा पुणें शहर ओलांडून हडपसरांतून दौंड-इंदापुराकडे जातो. शेजारच्या मांजरीस महात्मा जोतीराव फुले यांची साठ एकर शेती होती, हें आमच्या मुलांस शाळेंत शिकविलें होतें. तें ऐकून आमचा मधला मुलगा पुष्कळ दिवस त्यांना आपले शेजारी समजत असे.

आमची खोली पत्र्याची होती. पत्र्याखालचा उन्हाळा ज्यांनीं काढला आहे त्यांस वर्णन नको, व ज्यांनीं काढला नाहीं त्यांस तें पटावयाचें नाहीं. वार्षिक परीक्षा संपली कीं घराचें वेळापत्रक सूर्य ठरवी. नळास पाणी पहाटें पांचास येई आणि साडेसहास जाई. तेवढ्यांत हंडे, बादल्या, रांजण भरून, माठ आंतून स्वच्छ घासून, त्याखालीं ओली वाळू पसरून, आंत वाळ्याची पुरचुंडी सोडली म्हणजे दिवसाचें अर्धें काम झालें असें वाटे. मग वाळवणें. कुरडयांचे गहूं तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचें, चौथ्या दिवशीं वाटून चीक काढावयाचा, तो निवळला कीं शिजवावयाचा आणि गरम आहे तोंच सोऱ्यानें कुरडया घालावयाच्या. मुलांचें लक्ष कुरडयांपेक्षां चिकावर अधिक. वाटींत गरम चीक, वर दूध आणि साखर, हा त्यांचा मे महिन्यांतील सण. कावळे हाकलण्याचें काम मुलांकडे असे. त्या मोबदल्यांत अर्धवट वाळलेले पापड पळविण्याचा हक्क त्यांनीं आपण होऊन घेतला होता, व तो आम्हीं कधीं फारसा अमान्य केला नाहीं. पुरुषमंडळी कुरडई ताटांत आली म्हणजेच तिला ओळखतात. हें वाक्य भाषणांत घालण्याविषयीं घरांतून विशेष आग्रह झाला आहे.

संध्याकाळीं अंगणांत सडा घातला म्हणजे तापलेल्या मातीचा वास येई. रस्त्यावरच्या रसवंतीचीं घुंगरें वाजूं लागत. महिन्याचा पगार हातीं पडला त्या दिवशीं पांचांमध्यें तीन पेले रस घेतला जाई. मे हा पवित्र मातेचा महिना म्हणून आळींतील चार ख्रिस्ती घरें आळीपाळीनें एकेकाच्या दारीं रोझरी म्हणत, आणि शेवटची प्रार्थना होईपर्यंत लहान मुलें चटईवरच झोंपीं जात.

सकाळ अशी जाई, संध्याकाळ अशी जाई. राहिली दुपार. दुपारीं एकपासून साडेचारपर्यंतचे साडेतीन तास. आम्हांस जें सांगावयाचें आहे तें तेवढ्याच वेळाविषयीं आहे.

आम्ही दोघेंही कामावर जात असूं. एकाची पाळी कारखान्यांत, दुसरीचें काम औषधांच्या बाटल्या भरण्याचें. पूर्वीं शाळा सुटली कीं मुलें आजोळीं धाडतां येत. पुढें आजी वारली आणि आजोळ मिटलें. थोरली मुलगी नऊ वर्षांची, मधला सहाचा आणि धाकटी अडीच वर्षांची. थोरलीनें दोघांस सांभाळावें, पत्ते खेळावे, सागरगोटे खेळावे, भाकरी आणि ताक झांकून ठेवलें आहे तें खावें, अशी आमची व्यवस्था होती. नऊ वर्षांच्या मुलीनें आई व्हावें ही ती व्यवस्था, हें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

इ. स. १९८९ च्या एप्रिलांत आमच्या आळींतील एक अकरा वर्षांचा मुलगा कालव्यावर पोहावयास गेला, तो परत आला नाहीं. कालव्याविषयीं येथें थोडें सांगितलें पाहिजे, कारण नव्यानें राहावयास आलेल्यांस तो बागेंतील पाण्यासारखा दिसतो. उन्हाळ्यांत खालच्या शेतीसाठीं आवर्तन सुटतें, म्हणजे ओढेनाले कोरडे पडलेले असतात नेमक्या त्याच दिवसांत कालवा भरून वाहतो. वरून पाणी संथ दिसतें, आंत त्यास ओढ असते. कडा उतरत्या आणि शेवाळलेल्या. धरावयास ना दगड, ना झाडाची मुळी. चांगला पोहणारा मनुष्यही त्यांतून बाहेर येतां येतां थकतो. त्या मुलाचे कपडे कांठावर घडी करून ठेवलेले सांपडले. ते भिजले तर आई रागावेल म्हणून त्यानें ते जपले होते.

त्या रात्रीं आम्ही जेवलों नाहीं. दुसऱ्या दिवशीं बाजारांतून एक मोठें कुलूप आणलें, मुलांस आंत ठेवून बाहेरून लावलें आणि कामावर गेलों. आपण शहाणपणाचें केलें अशीच आमची समजूत होती. आळींत आणखी दोन घरांनीं आमचें पाहून तसेंच केलें. पंधरा दिवस कांहीं झालें नाहीं, त्यामुळें आमची खात्रीच पटली.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत एके दुपारीं वीज गेली. पंखा थांबला. पाणी घेण्याच्या धडपडींत मधल्याच्या हातून माठ कलंडला आणि फुटला. खिडकी एकच, तीही पश्चिमेस. धाकटी रडूं लागली, तिनें दोनदां ओकारी केली, आणि मग तिचें रडणें थांबलें. थोरलीनें खिडकींतून हांका मारल्या. परंतु त्या वेळीं सारी आळी दारें लावून निजलेली.

समोरच्या घरांत एक वृद्ध आजी एकट्या राहत. जातीनें माळी, वारकरी, गळ्यांत तुळशीची माळ. त्यांना ऐकूं कमी येई. पुढें त्यांनीं आम्हांस सांगितलें कीं, पोरीचें रडणें ऐकूं आलें म्हणून नव्हे, तर रोज ऐकूं येणारा पोरांचा दंगा आज नाहीं म्हणून त्या उठल्या. त्यांनीं प्रथम खिडकींतून तांब्यानें पाणी आंत दिलें. मग घरांतून वरवंटा आणला आणि आमचें तें मोठें कुलूप तीन घावांत फोडलें.

आम्ही पोंचलों तेव्हां धाकटी आजींच्या ओसरीवर ओल्या लुगड्यांत गुंडाळलेली होती. एक बाई पंख्यानें वारा घालीत होती आणि आजी चमच्यानें मीठसाखरेचें पाणी घोटघोट पाजीत होत्या. पोरीनें डोळे उघडले होते. तिला रिक्षानें दवाखान्यांत नेलें, दोन दिवसांनीं ती खेळूं लागली. आज ती दोन मुलांची आई आहे व या सभेंत बसली आहे. तिला त्यांतील कांहींएक आठवत नाहीं. थोरलीला सर्व आठवतें.

आजी आम्हांस रागें भरल्या नाहींत. फुटलेलें कुलूप हातांत देऊन एवढेंच म्हणाल्या, “अगं, हे कुणाला लावलं होतंस? चोराला, का लेकरांना?”

दवाखान्यांतील डॉक्टरांनीं त्या दिवशीं जें समजावून सांगितलें व पुढें आम्हीं जें वाचलें, तें येथील तरुण आयांच्या उपयोगाचें आहे. लहान मुलाचें शरीर मोठ्यांपेक्षां लवकर तापतें, कारण वजनाच्या मानानें त्याची त्वचा अधिक आणि घाम कमी. शिवाय तहान लागली हें सांगावयास व पाणी घ्यावयास तें दुसऱ्यावर अवलंबून असतें. एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हें प्रमाण भिंतीवर लिहून ठेवावें. हें साधें पाणी क्षुल्लक समजूं नये. इ. स. १९७१ मध्यें बनगांवच्या निर्वासितांच्या छावणींत पटकीची साथ असतां शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यांत कालवून लोकांस पाजण्यास सुरुवात केली, आणि मृत्यूंचें प्रमाण शेंकडा सुमारें ३० वरून ४ च्याही खालीं आलें. सहा महिन्यांच्या आंतील बालकास मात्र वरचें पाणी नको, आईचें दूधच वरचेवर द्यावें. मूल तापून सुस्त झालें, हांकेस ओ देईनासें झालें, तर सावलींत आणून अंग ओलें करावें, वारा घालावा व लागलीच दवाखाना गांठावा. शुद्धींत नसलेल्याच्या तोंडांत कांहींही घालूं नये.

असो. त्या दिवसापासून आजींनीं आमचीं तिन्ही मुलें दुपारच्या वेळीं आपल्या ओसरीवर घेतलीं. आठवड्याभरांत ज्या दोन घरांनीं आमचें पाहून कुलूप लावलें होतें त्यांचींही मुलें आलीं. मुलें मोजतां मोजतां नऊ झालीं. आजी चिंचा फोडीत, मुलें चिंचोके वेगळे करीत आणि त्याच चिंचोक्यांनीं खेळत. कैरीचें पन्हें होई. कोण कोणत्या देवळांत जातो हा प्रश्न त्या ओसरीवर कधीं निघाला नाहीं. कालव्यावर जाण्याचा हट्ट धरणाऱ्यांस त्या स्वतः घेऊन जात आणि मळ्यांतील पाटांत, जेथें पाणी घोट्याएवढें, तेथें बसवीत. पोरांना पाणी पाहिजे होतें, खोल पाणी नव्हे. हें आम्हां कोणाच्या लक्षांत आलें नव्हतें.

आम्हीं पैसे देऊं केले, ते त्यांनीं घेतले नाहींत. म्हणून दर वैशाखांत एक नवा माठ त्यांना नेऊन देत असूं. पुष्कळ वर्षांनीं समजलें कीं अक्षय्य तृतीयेस पाण्यानें भरलेला घट देण्याची त्यांच्यांत चालच आहे. आमची भेट त्यांना रीतीचीच वाटली असावी. शाळा जूनांत सुरू झाल्या कीं पालख्यांची वाट पाहणें असे. आळंदीची आणि देहूची, दोन्ही पालख्या हडपसरापर्यंत येतात आणि येथून त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. एक दिवे घाटानें सासवडाकडे, दुसरी लोणी काळभोराकडे. त्या दिवशीं आमचीं मुलें आजींबरोबर रस्त्यावर उभीं राहून वारकऱ्यांना पाणी देत. आजी गेल्या त्यास आतां बरींच वर्षें झालीं. त्यांची ओसरी पाडून तेथें पांच मजल्यांची इमारत झाली आहे, आणि तिच्यांतच तिसऱ्या मजल्यावर आमचा मुलगा राहतो.

आज आमच्या नातवंडांकडे पंखा आहे, शीतकपाट आहे. तथापि ऊन कमी झालेलें नाहीं. २८ एप्रिल २०१९ रोजीं पुण्यांत पारा ४३ अंशांवर गेला होता. मुलगा आणि सून दोघेंही कामावर जातात; त्यांत त्यांचा कांहीं दोष नाहीं, आम्हीही जात होतों. मुलगा सांगून ठेवतो, “दार आंतून लावून घे, कोणी आलं तरी उघडूं नको.” आठ वर्षांचा नातू साडेतीन तास मोबाइल घेऊन बसतो. कुलूप आतां आंतून लागतें, एवढाच फरक पडला आहे. आम्ही दूर राहतों, गुडघ्यांनीं अधू झालों आहों, म्हणून रोज त्याच्याकडे पोंचत नाहीं. या धर्मग्रामांत अशीं घरें किती आहेत हें आम्हीं गेल्या महिन्यांत विचारून पाहिलें. ज्या ज्या दारीं विचारलें त्या बहुतेक ठिकाणीं आई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग हो म्हणाली.

म्हणून समितीपुढें आमचें एक मागणें आहे. महोत्सवाच्या खर्चांतून जो कांहीं निधि शिल्लक राहील त्यांतून स्मारक म्हणून फरशी बसवावयाची कीं कमान, याची चर्चा चालली आहे असें ऐकतों. कमान चांगलीच दिसेल. तथापि देवळामागील सभागृहाचा व्हरांडा पूर्वेकडे आहे, दुपारीं तेथें सावली असते. एप्रिलच्या परीक्षेपासून जूनच्या शाळेपर्यंत, रोज दुपारीं एक ते साडेचार, तो मुलांसाठीं उघडा राहावा. सभागृहाच्या पत्र्यास वरून चुन्याचा पांढरा हात द्यावा. इ. स. २०१० च्या मे महिन्यांतील उष्णतेच्या लाटेंत अहमदाबादेंत नेहमींपेक्षां तेराशेंहून अधिक मृत्यु झाले, तेव्हां त्या शहरानें इ. स. २०१३ पासून उष्णतेशीं सामना करण्याची योजना आंखली, आणि गरिबांचीं छपरें पांढरीं करणें हें पुढें तिचें एक अंग झालें. चुन्यास फार खर्च येत नाहीं, आणि हात लावावयास आपले तरुण आहेत.

शिकवणी नको, स्पर्धा नको, बक्षिसें नकोत. चटया, पाणी, दोन वडीलधारीं माणसें, एवढें पुरे. येणारें मूल आपल्या धर्मग्रामांतील असलेंच पाहिजे अशी अट घालूं नये अशी आमची विनंती आहे. कां, तें वर सांगितलेंच आहे. सोमवार आणि गुरुवार आम्ही उभयतां बसूं. मंगळवारीं आमची थोरली मुलगी येईन म्हणाली आहे, तिला कोणी विचारलें नव्हतें. उरलेल्या तीन दिवसांसाठीं नांवें पाहिजेत. सभा संपल्यावर दाराशीं वही ठेवली आहे.

माठ दोन लागतील. ते आम्ही आणूं.