स्कॉटलंडची घरगुती बोली
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनी चार शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. मी खरोखरच चार शब्द घेऊन आले आहे. मात्र ते आपल्या भाषेतले नाहीत. माझी मुलगी ग्लासगो शहरी राहते. तिच्याकडे राहून आले, की मैत्रिणी विचारतात, "तिथे इंग्रजीत कसे निभावले?" ह्याचे उत्तर असे, की तिथल्या रस्त्यावर नुसत्या पुस्तकी इंग्रजीने निभावत नाही. दुकानात, बसमध्ये, जिन्यात वेगळीच भाषा कानी पडते. तिचे नाव स्कॉट्स. तिच्यातल्या काही नेहमीच्या शब्दांची आज ओळख करून देते.

प्रथम घरातलेच शब्द घेऊ. लहान ते सगळे 'वी'. ह्या 'वी'ला 'एक' ह्या अर्थाचा शब्द जोडून ग्लासगोकडे लहान मुलाला 'वेन' म्हणतात, म्हणजे आपले 'चिमुकले'. पूर्वेकडे त्यालाच 'बेर्न' म्हणतात. मूल 'ग्रीट' करते आहे असे कोणी म्हणाले, तर ते नमस्कार करीत नसून रडत आहे असे समजावे. शेजारीण 'मेसेजेस' आणायला निघाली, तर ती निरोप आणायला जात नाही, वाणसामान आणायला जाते. 'पीस' म्हणजे डब्यातला भरलेला पाव. 'तुम्ही कुठे स्टे करता?' ह्याचा अर्थ 'तुमचे घर कुठे?' आपणही 'कुठे राहता?' असेच विचारतो. अनोळखी बाईलासुद्धा दुकानदारीण 'हेन' म्हणून हाक मारते. शब्दाचा अर्थ कोंबडी, परंतु मायेने म्हटलेला, आपल्या 'बयो'सारखा.

पावसाचे शब्द तर आपल्या कोकणाइतके. अगदी बारीक भुरभुर ती 'स्मर'. पूर्व किनाऱ्यावर समुद्रावरून चढून येणारे गार धुके ते 'हार'. आणि सकाळपासून आभाळ कोंदून, ओलसर, रटाळ दिवस सरता सरत नाही, तो 'ड्रीख'.

स्वभावाचे शब्दही पाहा. हट्टाला पेटलेला तो 'थ्रॉन'. बावळट चेहऱ्याचा 'ग्लेकिट'. उठल्यापासून कुरकुरणारा 'क्रॅबिट'. एखाद्या गोष्टीचा वीट आला म्हणजे माणूस 'स्कनर्ड' होतो. 'गॅलस' ह्या शब्दाची कथा मोठी गमतीची. त्याचे मूळ फाशीच्या खांबात आहे. फाशी देण्याच्या लायकीचा तो गॅलस. पुढे उनाडाला म्हणू लागले, आणि आता ग्लासगोत धीट, तडफदार मुलीला कौतुकाने गॅलस म्हणतात. शब्दांचेही दिवस पालटतात, ते असे.

पुष्कळांना वाटते, की ही सगळी इंग्रजीची मोडतोड आहे, रस्त्यावरची भाषा आहे. तसे नाही. उत्तर ब्रिटनमध्ये बोलल्या जाणाऱ्या जुन्या इंग्रजीपासून ही भाषा वाढली. म्हणजे आजच्या इंग्रजीची ती लेक नव्हे, बहीण. स्कॉटलंडमध्ये गेलिक म्हणून दुसरी भाषा आहे, ती अगदी वेगळ्या कुळातली. स्कॉट्समध्ये इतर देशांचे शब्दही येऊन मिळाले. 'बेर्न'चा जुळा भाऊ 'बार्न' आजही नॉर्वे व डेन्मार्कमध्ये मुलालाच म्हणतात. मोठ्या ताटाला 'ॲशेट' आणि मांडीच्या मटणाला 'जिगट' म्हणतात, ते फ्रेंचांकडून आले. 'उगीच जिवाला त्रास करून घेऊ नकोस' ह्या अर्थी 'डिना फॅश' म्हणतात, त्यातला 'फॅश'ही तिकडचाच. स्कॉटलंड आणि फ्रान्स ह्यांचा 1295 साली तह झाला होता व ते सख्य दीर्घकाळ टिकले, त्याच्या ह्या खुणा.

पंधराव्या-सोळाव्या शतकांत हीच राजदरबाराची, कायद्याची व काव्याची भाषा होती. 1603 साली तिथला राजा सहावा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला आणि लंडनला गेला. 1707 साली दोन्ही देशांची पार्लमेंट एक झाली. दरबार गेला, तशी प्रतिष्ठाही गेली. एडिंबरोचे विद्वान आपल्या बोलण्यातले स्कॉट्स शब्द निवडून टाकू लागले. डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्ववेत्त्याने 1752 साली टाळावयाच्या अशा शब्दांची यादीच छापली. उलट जॉन जेमिसनने 1808 साली त्याच शब्दांचा मोठा कोश काढला. एकाने केराची टोपली आणली, दुसऱ्याने फडताळ.

परंतु भाषा जगली ती कोशामुळे नव्हे, बायकांमुळे. ग्लासगोतल्या जुन्या चार मजली इमारती आपल्या गिरगावातल्या चाळींची आठवण करून देतात. सामाईक वाटेला आणि जिन्याला 'क्लोज' म्हणतात. जिना धुण्याची पाळी ज्या घराची, त्या घराच्या दाराला पाटी अडकवीत. कपडे धुवायला सार्वजनिक धुण्याचे घर असे, त्याचे नाव 'स्टीमी'. बायका धुणे बाबागाडीत घालून तिथे नेत, आणि हात कामात असताना तोंडे मोकळी असत. एखाद्या गोष्टीचा फार बोभाटा झाला, की 'ती स्टीमीवरची बोलणी झाली' असे म्हणत. आपला पाणवठा तो हाच! स्टीम्या आता राहिल्या नाहीत, परंतु वाक्प्रचार राहिला आहे.

शाळेत मात्र ह्या शब्दांना मज्जाव होता. माझ्या मुलीच्या खाली एक वृद्ध बाई राहतात. त्यांनी मला सांगितले, की लहानपणी 'येस'च्या जागी 'आय' म्हटले, म्हणून गुरुजींनी त्यांच्या तळहातावर चामडी पट्टा मारला होता. सरकारी शाळांतली ही शिक्षा 1987 साली कायद्याने बंद झाली. गंमत अशी, की कवी रॉबर्ट बर्न्सच्या जन्मदिवशी, 25 जानेवारीला, त्याच शाळा स्कॉट्स कविता पाठ म्हणणाऱ्यांना बक्षिसे देत. एक दिवस बक्षीस आणि वर्षभर छडी, असा तो न्याय!

हे ऐकले त्याच आठवड्यात माझी सहा वर्षांची नात शाळेतून आली व 'आय' म्हणाली. तिची आई रागावली. "असे गावंढळ बोलायचे नाही. चारचौघांत नीट इंग्रजी आले पाहिजे." नातीने विचारले, "मग खालच्या आजी गावंढळ आहेत का?" मुलीला उत्तर सुचेना. तिची काळजीही खोटी नव्हती. परक्या देशात पोर मागे पडू नये, असे कोणत्या आईला वाटत नाही? परंतु भगिनींनो, शब्दाला हिणवले, की तो शब्द बोलणाऱ्या माणसाला हिणवल्यासारखे होते. पोराला हे आपल्या आधी कळते. नात आता वर्गात इंग्रजी बोलते, खालच्या आजींशी स्कॉट्स आणि माझ्याशी मराठी. तिचे एकाही भाषेत अडत नाही.

2022 सालच्या जनगणनेत पंधरा लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येते असे सांगितले, आणि 2025 साली तिथल्या संसदेने कायदा करून गेलिक व स्कॉट्स ह्या दोहोंना अधिकृत स्थान दिले.

आपलाही त्या भूमीशी जुना ऋणानुबंध आहे. ग्रीनॉक गावची मार्गारेट विल्सन 1829 साली मुंबईत आली. ती मराठी शिकली, आणि मुलींना शिकवणे हेच जेव्हा नवल होते, तेव्हा तिने मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. धर्मप्रसार हा तिच्या येण्याचा हेतू होता, हे खरे. तरी आपल्या मुलींशी बोलायचे तर त्यांच्या भाषेत, हे तिने ओळखले. 1835 साली ती मुंबईतच वारली.

आपल्या मंडळात कोणी मालवणी बोलणाऱ्या आहेत, कोणी अहिराणी, कोणी वऱ्हाडी. सभेत उभे राहिल्यावर आपण त्या शब्दांना पदराआड लपवतो. माझी एवढीच विनंती, की घरी नातवंडांसमोर तरी ते लपवू नयेत. पुस्तकी भाषा शाळा शिकवीलच. आजीचे शब्द आजीवाचून कोण देणार?

तिकडे शुभेच्छा देताना म्हणतात, "लँग मे युअर लम रीक." लम म्हणजे धुराडे, रीक म्हणजे धूर. तुमच्या घराचे धुराडे चिरकाल धूर सोडत राहो. म्हणजेच तुमची चूल कधी विझू नये. आपल्या मंडळालाही हाच आशीर्वाद चिंतून मी आपली रजा घेते.